दोरीवरील कुत्र्याचा राग व त्याचा बंदोबस्त

(एका निवृत्त महसुली कारकुनाचा अनुभव)

शेतकऱ्याच्या मळ्यांत गाय, बैल व म्हैस यांच्या खालोखाल उपयोगाचें जनावर म्हणजे कुत्रा होय. परंतु बैलाच्या शिक्षणाकडे आपण जितकें लक्ष देतों, त्याच्या शतांशही कुत्र्याच्या शिक्षणाकडे देत नाहीं. गोऱ्हा औताला जुंपण्यापूर्वीं त्याच्या खांद्यावर कित्येक दिवस नुसतें जूं ठेवून आपण त्याला फिरवितों. मग मऊ रानांत हलका ओंडका ओढावयास लावितों. सोबतीला एखादा जुना, शांत बैल देतों. आणि इतकें झाल्यावरच तो नांगराजवळ येतो. पहिल्याच दिवशीं त्याला नांगराला जुंपणाऱ्या शेतकऱ्यास गांव हंसेल. कुत्र्याच्या गळ्यांत मात्र एके दिवशीं साखळी अडकविली, कीं त्याचें शिक्षण संपलें असें आपण समजतों. पुढें तोच कुत्रा साखळीवर असतांना दुसऱ्या कुत्र्यांवर तुटून पडूं लागला, म्हणजे आपण त्याच्या जातीला, रक्ताला व नशिबाला दोष देतों.

हा दोष बहुधा रक्ताचा नसतो, तर न दिलेल्या किंवा चुकीच्या दिलेल्या शिक्षणाचा असतो, असें आमच्या अनुभवास आलें. तो अनुभव आम्हांस महागांत पडला. इतर शेतकरी बंधूंस तो फुकट मिळावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमची चूक

आमचा मळा निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं आहे. सभोंवतीं ऊस व द्राक्षबागा. या ऊसपट्ट्यांत बिबट्यांचा वावर असून मळ्यांतील बांधलेला कुत्रा हें बिबट्याचें सुलभ भक्ष्य ठरतें. सबब आमचा खंड्या रात्रीं पडवींत जाळीच्या दाराआड असे आणि दिवसा खुंट्याला साखळीनें बांधलेला असे. नोकरी होती तोंपर्यंत त्याची व्यवस्था चिरंजीवांकडे होती. वयाच्या ५८ व्या वर्षीं कचेरी सुटली, तेव्हां त्याला सकाळ-संध्याकाळ फिरविण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. खंड्या त्या वेळीं तीन वर्षांचा होता. मोकळा असतां वस्तीवरील कुत्र्यांशीं त्याचें फारसें वांकडें नसे. परंतु दोरी लावून रस्त्यानें नेतांना समोरून दुसरा कुत्रा दिसला, कीं तो मागच्या दोन पायांवर उभा राहून तोंडाला फेंस येईपर्यंत भुंकत असे व ओढ घेत असे.

यावर आम्हीं जो उपाय केला तो लिहितांना लाज वाटते, तरी लिहिणें भाग आहे. दोरीचे दोन वेढे मनगटाला देऊन ती आम्ही आंखूड धरीत असूं, आणि तो भुंकूं लागला कीं वेताच्या छडीचा तडाखा देत असूं. कांहीं दिवसांनीं त्याचें गुरगुरणें थांबलें. औषध लागू पडलें असें आम्हांस वाटलें. वस्तुतः त्यानें राग सोडला नव्हता. रागाची आगाऊ सूचना देणें तेवढें सोडलें होतें.

मार्गशीर्षांतील एका सकाळीं त्याला लस टोंचण्यासाठीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावयाचें होतें. मळ्याचें फाटक उघडण्यापुरती दोरी आम्हीं आमच्या कुटुंबाच्या हातांत दिली. तोंच शेजारच्या तात्यांचा कुत्रा बांधाच्या वळणावरून समोर आला. खंड्यानें आवाज न करितां झेप घेऊन त्याचा कान फाडला. आम्हीं छडी मारिली. त्याबरोबर खंड्या गर्रकन वळला आणि त्यानें दोरी धरलेल्या हातालाच दांत रोंवले. पुढें लसीच्या खेपा, हाताची सूज व घरांतील धास्ती यांचें वर्णन करीत नाहीं. तात्या एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, कुत्रं आवरत नसेल तर ठेवता कशाला?" त्या दिवसापासून त्यांनीं आमच्या ओट्यावर येणें सोडलें. चिरंजीवांचें मत पडलें, कीं कुत्रा गाडींत घालून लांबच्या एखाद्या बाजारांत सोडून यावा. आम्हीही त्यास जवळजवळ राजी झालों होतों. परंतु जिच्या हाताला जखम झाली होती तीच म्हणाली, "तो मला चावला नाही. तो तुमच्या छडीला चावला. मधे हात माझा होता."

या वाक्यानें आमचे डोळे उघडले. जखम बरी होत आल्यावर आम्ही पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे गेलों व त्यांच्या सल्ल्यानें पहिल्यापासून आरंभ केला.

राग दोरीवरच कां येतो?

दोन मोकळे कुत्रे कसे भेटतात हें लक्षपूर्वक पाहावें. ते समोरासमोर सरळ चालून येत नाहींत. वळसा घेतात, मान बाजूला करितात, जमीन हुंगतात, मग एकमेकांच्या मागील अंगास वास घेतात. आणि पटलें नाहीं तर एकजण बाजूला निघून जातो. हा त्यांचा शिष्टाचार होय. दोरीवरील कुत्र्याला यांतलें कांहींच करितां येत नाहीं. रस्ता सरळ, दोरी आंखूड, समोरचा कुत्रा थेट अंगावर येणारा. वळसा घेतां येत नाहीं कीं पळतां येत नाहीं. यांतून पुढील कारणांनीं राग उत्पन्न होतो.

पहिलें कारण भीति. ज्याला पळतां येत नाहीं तो आरडाओरड करून समोरच्याला पळवूं पाहतो. समोरचा कुत्रा बहुधा आपल्या वाटेनें निघून जातो. पण आपल्या कुत्र्याला वाटतें, आपण भुंकलों म्हणून तो गेला. अशा प्रत्येक भेटींत त्याचा हा समज दृढ होत जातो.

दुसरें कारण अडवणूक. कित्येक कुत्र्यांना दुसऱ्याशीं भांडावयाचें नसून भेटावयाचें असतें. दोरीनें खेंचून धरल्यामुळें त्यांचा हिरमोड होतो व हिरमोडाचें रूपांतर संतापांत होतें. दिवसभर खुंट्याला बांधलेल्या कुत्र्यांत हा प्रकार विशेष आढळतो.

तिसरें कारण आपला स्वतःचा हात. लांबून कुत्रा दिसतांच आपण दोरी आंवळतों, श्वास रोखतों व पाऊल अडखळवितों. कुत्र्याच्या गळ्याला फांस बसतो, आणि दुसरा कुत्रा दिसणें म्हणजे गळा आंवळला जाणें अशी त्याच्या मनांत गांठ पडते. वर छडी बसली, म्हणजे ती गांठ दुप्पट घट्ट होते. मार हा भुंकण्याबद्दल आहे हें त्याला कळत नाहीं. दुसरा कुत्रा आला कीं मार बसतो, एवढेंच कळतें.

चौथें कारण शारीरिक दुःख. कान सडणें, गोचिडांचा उपद्रव, सांधेदुखी, दांताचें दुखणें यांनीं कुत्रा चिडखोर होतो. म्हणून कोणताही पाठ सुरू करण्यापूर्वीं कुत्र्याची एकदां वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. खंड्याच्या डाव्या कानांत जुनी जखम निघाली, आणि आम्ही दोरी त्याच बाजूनें खेंचीत होतों. नराचें खच्चीकरण केल्यास नरानरांतील झुंजी कांहीं अंशीं कमी होतात. परंतु भीतीमुळें आलेला राग त्यानें जातोच असें नाहीं, सबब त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

उपायाचें मूळ तत्त्व

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांस पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांना असें आढळलें, कीं खाणें देण्यापूर्वीं दरवेळीं एक ठराविक आवाज ऐकविला, तर कांहीं दिवसांनीं नुसत्या त्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें. आपल्या कामाचें सर्व तत्त्व यांत आहे. आमच्या खंड्याला दुसरा कुत्रा हा छडी व फांस यांची घंटा झाला होता. त्याच घंटेचा अर्थ आतां 'खाऊ' असा करावयाचा होता. हें काम दोन अटींवर साधतें. एक, दुसरा कुत्रा आधीं दिसावा व खाऊ मागाहून मिळावा; क्रम उलटा झाला तर खाऊचीच धास्ती बसते. दोन, दुसरा कुत्रा इतक्या लांब असावा, कीं आपल्या कुत्र्याला तो दिसेल पण राग येणार नाहीं. भडकलेला कुत्रा कांहीं शिकत नाहीं व बहुधा खातही नाहीं. खाऊ नाकारला, कीं अंतर कमी पडलें असें समजावें.

सामान व खाऊ

१. दोरी : सुती, जाड, सुमारें दोन मीटर लांब. साखळी जड असते, वाजते व हाताला कापते. दोरीचा फांस तळहातांत धरावा. मनगटाला वेढा कधींही देऊं नये.

२. छातीपट्टा : दोरी गळपट्ट्याला न लावितां छातीभोंवतीं बसणाऱ्या पट्ट्याला लावावी. पट्टा मऊ असावा व पुढच्या पायांच्या चालींत अडथळा करणारा नसावा. धनगर लोक आपल्या कुत्र्यांना बाहेरच्या बाजूस खिळे असलेला गळपट्टा घालितात, तो लांडग्या-बिबट्यापासून गळा वांचविण्यासाठीं. आंतल्या बाजूस टोंचणारा पट्टा मात्र कोणीं घालूं नये. त्याचा परिणाम छडीसारखाच होतो.

३. मुसकें : जो कुत्रा एकदां चावला आहे त्याला रस्त्यावर नेतांना जाळीचें मुसकें घालावें. तें इतकें मोकळें असावें, कीं कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकतां येतील व पाणी पितां येईल. कारण अंगांतील उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर घालवितो. तोंड घट्ट बांधून उन्हांत फिरविलेला कुत्रा दगावूं शकतो. मुसक्याची संवयही खाऊनेंच लावावी. आरंभीं आंत खाऊ ठेवून त्याला आपण होऊन तोंड घालूं द्यावें. बंद बांधण्याची घाई करूं नये.

४. खाऊ : रोजच्या भाकरीनें हें काम होत नाहीं, एरव्हीं मिळत नाहीं असा पदार्थ पाहिजे. बिनहाडाच्या शिजलेल्या मांसाचे किंवा उकडलेल्या अंड्याचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे करावे व तितकें अन्न जेवणांतून कमी करावें. द्राक्षें व कांदा हीं आमच्या तालुक्याचीं मुख्य पिकें, आणि दोन्ही कुत्र्याला वर्ज्य. द्राक्षें व मनुका यांनीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि कांदा-लसणानें रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. चॉकलेटही विषारी आहे.

पाठ पहिला : घरचा

आठ-दहा दिवस रस्त्यावर नेऊंच नये, मळ्यांतच फिरवावें. कुत्र्याचें नांव घ्यावें. त्यानें आपल्याकडे पाहतांच खाऊ द्यावा. हें दिवसांतून चार-पांच वेळां, दरवेळीं दोन-तीन मिनिटें करावें. मग दोरी लावून चालतां चालतां "फीर" असा एकच शब्द उच्चारून आपण मागें वळावें आणि कुत्रा वळून आला कीं खाऊ द्यावा. शब्द हंसतमुखानें उच्चारावा, दोरीला झटका देऊं नये. हा शब्द म्हणजे पुढें रस्त्यावर आपली सुटकेची वाट होय. ती घरींच पक्की झाली पाहिजे. नांगरटीचा पहिला धडा जसा मऊ रानांत, तसा हा.

पाठ दुसरा : अंतर मोजण्याचा

आतां कुत्र्याची हद्द कायम करावी. मोकळ्या माळावर उभें राहावें. लांब एखादा बांधलेला किंवा दोरीवरचा कुत्रा असावा. भुंकणें ही राग वाढल्याची शेवटची खूण होय. तिच्या आधींच्या खुणा ओळखावयास शिकावें. तोंड मिटतें, कान पुढें येतात, शेपूट ताठ होतें, पाठीवरील केंस उभे राहतात, नजर खिळते. त्याही आधीं कित्येकदां कुत्रा ओठ चाटतो, जांभई देतो किंवा मान फिरवितो. त्याला कंटाळा आलेला नसून तो अस्वस्थ झालेला असतो. या खुणा दिसूं लागतात त्याच्या मागें दहा पावलें आपली जागा धरावी. खंड्याची हद्द आरंभीं ७० पावलें भरली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी कागदावर उतरविल्या; ही एक आमच्याच घरची निघाली, ती वहींत मांडून ठेविली.

पाठ तिसरा : घंटेचा

ठरलेल्या जागीं उभें राहावें. दुसरा कुत्रा दिसतांच खाऊ सुरू करावा व तो दिसेनासा होतांच खाऊ बंद करावा. दहा मिनिटांहून अधिक वेळ हा पाठ चालवूं नये, आणि शेवट नेहमीं शांतपणें व्हावा. कांहीं दिवसांनीं एक गोष्ट घडते, तिची वाट पाहावी. कुत्रा दुसऱ्याकडे पाहतो आणि आपण होऊन मान वळवून आपल्याकडे पाहतो, जणूं विचारतो, "कुत्रा आला, माझा खाऊ कोठें?" पाठ लागू पडल्याची हीच खूण. अशी खूण लागोपाठ तीन दिवस मिळाली तर पांच पावलें पुढें सरकावें. मध्येंच भुंकला तर मारूं नये, ओरडूं नये; "फीर" म्हणून मागें जावें, आणि दुसऱ्या दिवशीं पूर्वींच्या अंतरावरून आरंभ करावा. त्या दिवशीं कुत्रा चुकलेला नसतो, आपला हिशेब चुकलेला असतो.

पाठ चौथा : बरोबरीनें चालण्याचा

एखादा ओळखीचा, शांत स्वभावाचा कुत्रा व समजूतदार धनी मिळवावा. दोघांनीं आपापले कुत्रे दोरीवर घेऊन एकाच दिशेनें, मध्यें ३०-४० पावलें राखून चालावें. समोरासमोर आणूं नये. तोंडें एकाच दिशेला असलीं म्हणजे नजर भिडत नाहीं, आणि चालतांना हुंगण्यांत कुत्र्यांचें चित्त गुंततें. अंतर दिवसागणिक थोडथोडें कमी करावें. मधूनमधून एकानें मागें राहून दुसऱ्याच्या पावलांचा वास आपल्या कुत्र्याला घेऊं द्यावा; दोघांची ओळख करून देण्याचा हा सर्वांत बिनधोक मार्ग होय. दोघे अगदीं शेजारून चालूं लागले तरी दोरीवर नाकाला नाक लावूं देऊं नये.

बांधावरील प्रयोग

हा चौथा पाठ कोणाच्या कुत्र्याबरोबर घ्यावा, हा आम्हांपुढें प्रश्न होता. आसपास शांत कुत्रा एकच, तो तात्यांचा. आणि त्याचा कान आमच्याच कुत्र्यानें फाडलेला. चार दिवस मनाची तयारी करून शेवटीं आम्ही तात्यांच्या ओट्यावर गेलों, औषधाचा खर्च पुढें ठेविला व झालेली चूक कबूल केली. खर्च त्यांनीं घेतला नाहीं. "उद्या सकाळी सहाला बांधावर या," एवढेंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशीं बांधाच्या या अंगानें आम्ही व त्या अंगानें तात्या, मध्यें ४० पावलें, असे निघालों. थोडें चालल्यावर तात्या तिकडून ओरडून म्हणाले, "भाऊसाहेब, कुत्रं नंतर शिकवा, आधी दोरी ढिली सोडा." पाहतों तों दोरी सतारीच्या तारेसारखी ताणलेली. कुत्रा शांत होता. ताठ झालों होतों ते आम्ही! आम्हीं हात खालीं सोडला, श्वास सोडला. खंड्यानें अंग झाडलें व जमीन हुंगावयास आरंभ केला. जें आम्हांस दोन महिन्यांच्या अभ्यासांत उमगलें नव्हतें, तें शेजाऱ्यानें ४० पावलांवरून दाखविलें. म्हणून आमची सूचना अशी, कीं हा पाठ घेतांना आपल्या हाताकडे पाहण्यास एक तिऱ्हाईत माणूस अवश्य ठेवावा.

आमच्या वहींतील नोंद अशी : आरंभीं ७० पावलें, एक महिन्यानें ४५, दोन महिन्यांनीं ३०, चार महिन्यांनीं १५. भाद्रपदांत कुत्र्यांचा माजाचा काळ आला, त्यांत सर्व पाठ विसकटले व अंतर पुन्हां ४० वर गेलें. त्या दिवसांत हट्ट न करितां आम्ही मागें सरलों आणि फिरण्याच्या वेळा बदलल्या. दिवाळीनंतर १२ पावलांपर्यंत आलों. वर्ष झालें, तरी खंड्या पूर्ण बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. मुसकें अजून रस्त्यावर असतेंच. परंतु आतां समोरून कुत्रा आला तर तो आमच्या तोंडाकडे पाहतो, आणि आमचें कुटुंब त्याची दोरी पुन्हां हातांत धरूं लागलें आहे.

आडवेळेचे उपाय

अरुंद वाटेवर अकस्मात् कुत्रा समोर आला तर "फीर" म्हणून वळावें. वळावयास जागा नसेल तर उभ्या गाडीचा, झाडाचा किंवा कुंपणाचा आडोसा घ्यावा. तोही नसेल तर मूठभर खाऊ पायाशीं विखरावा, म्हणजे कुत्र्याचें नाक जमिनीकडे जाऊन नजर तुटते. मोकाट कुत्रा अंगावर आल्यास पळूं नये. आपल्या कुत्र्याला मागें घेऊन आपण मध्यें उभें राहावें, खणखणीत आवाजांत "हाड" म्हणावें, छत्री असल्यास त्याच्या दिशेनें उघडावी, किंवा खाऊ त्याच्या पलीकडे फेंकून आपण सावकाश निघून जावें.

जुंपलीच, तर दोन तोंडांमध्यें हात घालूं नये आणि गळपट्टा धरूं नये. माणसांना चावे बसतात ते बहुधा याच वेळीं. पाणी ओतावें, घोंगडी किंवा पोतें टाकावें, मध्यें फळी सारावी. दोन माणसें असल्यास दोघांनीं एकाच वेळीं आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशीं धरून मागें ओढावें व लगेच अंतर वाढवावें. कुत्र्याच्या सुळ्याची जखम वरून लहान व आंतून खोल असते. ती डॉक्टरांस अवश्य दाखवावी.

माणसाला चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें सतत १५ मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकीं कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन सांगितलेल्या सर्व लसी तारखेवर पुऱ्या कराव्या. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं, कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. कुत्रा आपला आहे, लस टोंचलेला आहे, म्हणून हयगय करूं नये.

कायदा

कारकुनीचा पेशा असल्यामुळें दोन शब्द कायद्याचेही लिहितों. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणें जनावराला अवाजवी आंखूड किंवा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, नेहमीं बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्याची हयगय करणें, तसेंच उपासमार होईल अशा स्थितींत जनावर सोडून देणें, हे अपराध आहेत. आणि आपल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये याबद्दल बेपर्वाई करणाऱ्यास भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम २९१ प्रमाणें सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. म्हणजे बांधून ठेवणें आणि सोडून देणें या दोन्ही वाटा बंद आहेत. शिकविणें हीच एक मोकळी आहे.

पिलूं आणणाऱ्यांस

रोग होऊं न देणें हें औषधाहून बरें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर यांनीं कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षें अभ्यास करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा असतो, असें त्यांत दाखविलें आहे. या काळांत पिलाला लस टोंचलेलीं, शांत स्वभावाचीं कुत्रीं, माणसें, गुरें व वाहनें निर्भयपणें दाखवावीं. कडेवर घेऊन दाखविलीं तरी चालतात. या वयांत जो दिवसरात्र खुंट्याला बांधला गेला, त्याला पुढें शिकविण्यास वर्ष लागतें. आमचेंच उदाहरण पुढें आहे.

सारांश

कुत्र्याची तपासणी करावी, छडी टाकावी, छातीपट्टा व सुती दोरी घ्यावी, अंतर मोजावें, कुत्रा दिसला कीं खाऊ, नाहींसा झाला कीं बंद, पांच पांच पावलांनीं पुढें जावें व बिघडलें तर निमूटपणें मागें यावें, आणि सर्वांत महत्त्वाचें, दोरी ढिली ठेवावी. रोजचा अर्धा तास व मूठभर खाऊ यापलीकडे याला खर्च नाहीं. ज्या शेतकरी बंधूंनीं याहून निराळे उपाय करून पाहिले असतील, त्यांनीं आपले अनुभव, विशेषतः फसलेले अनुभव, मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे. फसलेल्या अनुभवाचा उपयोग दुसऱ्यास अधिक होतो, हें आम्ही स्वतःवरून सांगूं शकतों.